लेक डिसेंबरात दिल्लीला चाललीये, बजेट सहा हजार, थंडीचं काय काय घेऊ?

सुलू_काळाचौकी | २३ नोव्हेंबर, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज अडलेय म्हणून लिहितेय. लेक यूपीएससीच्या क्लाससाठी ६ डिसेंबरला दिल्लीला चाललीये, जुन्या राजेंद्र नगरला, पीजी तिच्या मैत्रिणीने बघून ठेवलाय. फी, डिपॉझिट, तिकीट सगळं भरून झाल्यावर थंडीच्या सामानाला सहा हजार उरलेत आणि त्यात सगळं बसवायचंय, वरती एक रुपया नाही. आमच्या घरात उबदार म्हणाल तर सासऱ्यांची एक माकडटोपी आणि महाबळेश्वरला घेतलेला एक स्वेटर, तो लेकीला चौथीत असताना बसत होता. आमच्याकडे खोबरेल तेलाची बाटली गोठली की थंडी पडली असं समजायचं, बाकी पंखा तीनवरून दोनवर, संपला हिवाळा.

काल एका दुकानात गेलो होतो, त्याने जॅकेट दाखवलं, साडेचार हजार, म्हणे उणे दहापर्यंत चालतं. लेकीला रंग जाम आवडलाय. दुकानदाराने परवापर्यंत बाजूला काढून ठेवलंय. घेऊन टाकू का? मग उरलेल्या दीड हजारात बाकीचं बसेल का? लवकर सांगा प्लीज.

मालाडचा_मन्या | २३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

ताई नका घेऊ!!! मी असंच उणे दहावालं घेतलं होतं स्टेशनबाहेरच्या एका दुकानातून, त्याची चेन मथुरेलाच गेली, गाडी दिल्लीला पोचायच्या आधी. आणि दिल्लीत उणे दहा होतंच कुठे, १ जानेवारी २०२१ ला तिथल्या सफदरजंग वेधशाळेत १.१ अंश झालं होतं त्याची केवढी बातमी झाली होती. ते उणे दहा लेबलवरच असतं फक्त.

थंडी_कुठंय | २३ नोव्हेंबर, रात्री ११:३१

मुंबईत थंडीचा धागा, वा. आमच्याकडे एसी चालू आहे.

पश्चिम_विहार_रिटर्न | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

सुलूताई, मी पाच हिवाळे काढलेत दिल्लीत, आता बोरिवलीला परत आलेय. जरा मोठं लिहितेय, चहा घेऊन बसा.

आपण मुंबईची माणसं थंडीचा विचार करतो तो महाबळेश्वर-माथेरानच्या हिशोबाने, म्हणजे थंडी बाहेर असते, आपण स्वेटर घालून पॉइंट बघायला जातो आणि हॉटेलवर परत आलं की सुटलो. म्हणून आपला सगळा पैसा जॅकेटमध्ये जातो. दिल्लीत उलटं आहे. तिथे बाहेर दुपारी ऊन असतं, माणसं गच्चीवर नाहीतर पार्कात बसून शेंगदाणे खातात, मस्त असतं. थंडी घरात असते. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, खाली मार्बल नाहीतर मोझॅक, खिडक्यांना फटी, हीटिंग कसलंच नाही. जानेवारीत आमच्या खोलीतली खुर्ची सकाळी बसल्यावर ओली वाटायची, ओली नसायची, गार असायची इतकंच. तुमची लेक क्लासमध्ये चार-पाच तास असेल, उरलेले अठरा-एकोणीस तास ती त्या खोलीत टेबलाशी बसून नाहीतर अंथरुणात असणार आहे. जॅकेट घालून कोणी झोपत नाही आणि अभ्यासाला बसल्यावर पहिले गार पडतात ते पाय.

तेव्हा पैसे लावायचे ते अंथरुणावर आणि पायांवर. जॅकेट सगळ्यात शेवटी, तेही तिकडेच घ्यायचं.

अजून एक, पीजी कितव्या मजल्यावर आहे विचारा. गच्चीवरची खोली असेल, तिकडे बरसाती म्हणतात, तर शक्यतो बदलून घ्या, भाडं दोन पैसे कमी असतं पण तिन्ही बाजूंनी वारा आणि वर तापायला नि गार व्हायला नुसता स्लॅब.

सुलू_काळाचौकी | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

अगं बाई, हे कोणी सांगितलंच नव्हतं. दुसरा मजला आहे, मधली खोली, विचारलं आत्ताच. आणि दुकानदाराला फोन करून नाही सांगितलं, लेक फुगून बसलीये. अंथरुणाचं सांगा ना मग. पीजीवाला गादी देतो, बाकी आपलं आपण. माझ्याकडे गोधड्या आहेत दोन, आईने शिवलेल्या, जुन्या लुगड्यांच्या, पण त्यांना वजन किती आणि दिल्लीच्या थंडीत गोधडीने काय होणार म्हणून बाजूला ठेवल्या.

पश्चिम_विहार_रिटर्न | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

गोधडी न्याच न्या! पण पांघरायला नाही, खाली अंथरायला.

हे मला पहिल्या हिवाळ्यात घरमालकिणीने शिकवलं. मी वर दोन-दोन ब्लँकेटं घेऊन कुडकुडत होते, ती आली, गादीवर हात फिरवला आणि म्हणाली बेटा ठंड नीचे से आ रही है. पीजीची गादी असते चार बोटांची, अंगाखाली दबून तिचा पापड होतो, ऊब धरायला आत हवाच उरत नाही. तिने गादीखाली वर्तमानपत्रांचा जाड थर घातला, वर एक जुनी दुलई पसरली, त्याच रात्री फरक. तुमची गोधडी चार-पाच पदरी असेल ना, दाट टाक्यांची? ती दबत नाही लवकर. खाली गोधडी, वर कापसाची रजई, झालं काम. रजई तिकडेच घ्या, करोल बागेत नाहीतर कुठल्याही वस्तीत रुईवाले असतात, समोर कापूस भरून देतात, एकट्या माणसाला दोन-अडीच किलो पुरतो. दोन-तीन दिवसांनी गच्चीवर उन्हात टाकायची, कापूस फुलला की परत गरम.

कर्जत_फास्ट | २४ नोव्हेंबर, दुपारी १:१५

सगळं तिकडे घ्या सांगणाऱ्यांनी जरा विचार करा, पोरगी पहिल्यांदा घराबाहेर चाललीये, उतरल्या उतरल्या बाजारात फिरणार का ती? पहिल्या दोन रात्रींची सोय इथूनच पाहिजे. आणि मुंबईत थंडी नाही म्हणणाऱ्यांनी जानेवारीत पहाटे कर्जतहून सुटणाऱ्या लोकलच्या दारात उभं राहून दाखवा, नेरळला दात वाजतात की नाही बघू.

थंडी_कुठंय | २४ नोव्हेंबर, दुपारी १:२२

दारात उभं राहायला सांगितलंय कोणी, आत बसा.

कर्जत_फास्ट | २४ नोव्हेंबर, दुपारी १:२४

आत जागा मिळाली असती तर इथे टाइप करत बसलो असतो का

जुना_परळकर | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

मुंबईत थंडी नाही असं सरसकट म्हणू नये. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले आहे, तो आकडा अजून मोडलेला नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. चाळीत कोणाकडे स्वेटर नव्हतेच, चौकात कोणीतरी फळकुटं पेटवली होती आणि आम्ही पोरं आईच्या लुगड्याची खोळ करून बसलो होतो.

वडील गिरणीत, तिसऱ्या पाळीला. गिरणीत आत दमट उकाडा, सूत तुटू नये म्हणून मुद्दाम हवेत ओल ठेवत. सकाळी पाळी सुटली की माणसं घामाने भिजलेली बाहेर पडायची आणि थेट गार वाऱ्यात. वडिलांच्या पिशवीत एक कोरडा बनियन असे. गेटाबाहेर यायच्या आधी ओला काढायचा, कोरडा घालायचा, मगच शर्ट. ते म्हणायचे, थंडी बाधत नाही रे, घाम बाधतो.

सौ. सुलू, आपल्या कन्येला हे सांगा. मी मुलाकडे दिल्लीला जातो तेव्हा पाहतो, मेट्रोत खच्चून गर्दी, त्यात जाड जाकीट, माणूस आत घामाघूम होतो आणि वर रस्त्यावर आला की गारठतो. एक जाड वस्तू घालण्यापेक्षा तीन पातळ घालाव्यात, गाडीत शिरताना वरची काढून हातात घ्यावी. अंगालगत सुती नको, सुती घाम धरून ठेवते.

सुलू_काळाचौकी | २४ नोव्हेंबर, रात्री १०:१०

काका नमस्कार. माझे सासरेही गिरणीतलेच, लालबागला. तुमचं वाचून दाखवलं त्यांना, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग माकडटोपी स्वतः धुवायला काढली.

मंडळी, हीटरचं काय? लेकीची मैत्रीण म्हणते पीजीत हीटरला परवानगी नाही, पण सगळ्याजणी लपवून वापरतात.

वायरमन_विक्रोळी | २४ नोव्हेंबर, रात्री १०:५५

लपवून अजिबात नको. रूम हीटर २००० वॉटचा असतो, म्हणजे तासाला दोन युनिट. पीजीच्या खोलीतला साधा प्लग असतो सहा अँपिअरचा, त्यावर मोबाइल चार्जर लावायचा, २००० वॉट नाही. त्यात मल्टिप्लग, त्यात शेजारणीची केटल... वायर भिंतीच्या आत तापते आणि वास येईपर्यंत कळत नाही. मी जळलेले बोर्ड रोज बघतो म्हणून सांगतोय.

पाणी तापवायच्या रॉडचं पण तेच. बटण बंद केलं, प्लग काढला, मगच पाण्याला हात. चालू रॉडच्या बादलीत बोट घालून पाणी तापलं का बघणारी महान माणसं असतात, तसं करायचं नाही. लोखंडी बादली नको, प्लॅस्टिकची घ्या आणि रॉड प्लॅस्टिकला चिकटू देऊ नका, आडव्या काठीला अडकवा.

त्यापेक्षा रबराची गरम पाण्याची पिशवी. झोपायच्या अर्धा तास आधी रजईत पायाशी सरकवून ठेवायची, लाइट बिल शून्य. पूर्ण उकळतं पाणी ओतायचं नाही, पाऊण भरायची, दाबून हवा काढायची मग झाकण, आणि वर जुना मोजा नाहीतर टॉवेल गुंडाळायचा.

सिस्टर_शिवडी | २५ नोव्हेंबर, पहाटे ५:४०

नाइट ड्यूटी संपवून वाचतेय. वरच्या यादीत एक राहिलं ते आधी लिहिते. शेगडी, कोळशाची अंगीठी, पत्र्याच्या डब्यात पेटवलेली लाकडं, यातलं काहीही बंद खोलीत नको, अर्धा तासही नको. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो, उत्तरेत दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. मुली म्हणतात आम्ही झोपायच्या आधी विझवू, पण त्या वायूनेच आधी गुंगी येते, विझवायला उठणार कोण.

दुसरं म्हणजे पायाची बोटं. गारठलेली बोटं एकदम गरम पाण्यात किंवा हीटरसमोर धरली की लाल होऊन सुजतात, खाज सुटते, आपल्याकडच्या पोरांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं काही चावलं. हळूहळू गरम करायची, मोजे घालून चालायचं. मोजे एकावर एक घट्ट दोन घालू नका, रक्त फिरत नाही, एक जाडा आणि सैल बरा. आणि चप्पल! फरशीवर अनवाणी चालायची आपली सवय सोडायची, घरात घालायला बंद स्लिपर पाहिजेच.

तिकडे हवा कोरडी, वर प्रदूषण. एन-९५ मास्क चार-पाच टाका बॅगेत. ओठांना नि टाचांना साधी व्हॅसलीन बास, महागडी क्रीमं नकोत. खोबरेल दिलंत तर तिकडे ते दगड होऊन बसेल, बाटली गरम पाण्यात बुडवायला लागेल रोज.

गोरेगावची_गौरी | २५ नोव्हेंबर, सकाळी ११:००

इनर इथून घ्या, दोन जोड, म्हणजे पहिल्या रात्रीची कर्जत_फास्ट म्हणतात ती सोय पण होते. मापात घ्या, अंगाला चिकटून बसायला हवं, वाढत्या अंगाचं म्हणून मोठं घ्यायची आपली खोड इथे चालत नाही, ढगळ असलं की आतून वारा फिरतो. आमच्या स्टेशनबाहेर दर हिवाळ्यात तिबेटी बायका स्वेटर घेऊन बसतात, त्यांच्याकडे लोकरीचे मोजे चांगले मिळतात, घासाघीस करा पण फार नको, बिचाऱ्या तीन महिन्यांवर वर्ष काढतात.

मुलीला सांगा, कश्मीरी गेटच्या बसअड्ड्याजवळ मोनॅस्ट्री मार्केट आहे, तिबेटी लोकांचंच, जॅकेटं तिथे बघायची. करोल बागेहून निळी लाइन, राजीव चौकला बदलून पिवळी. सरोजिनी नगरमध्ये अजून स्वस्त पण तिथे चेन, शिवण, काखेतले टाके सगळं उलटं करून बघायचं, एक्स्पोर्टचा रिजेक्ट माल असतो. सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा, मी एकदा दीड तास प्रवास करून बंद शटरं बघून आलेय.

मालाडचा_मन्या | २५ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

पानिपतची ब्लँकेटं विसरलात लोकहो. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या करून, सूत काढून त्याची ब्लँकेटं विणतात तिथे, स्वस्तात स्वस्त. टोचतं थोडं. आपली बोहारीण भांड्यावर कपडे नेते ना, हा त्याच धंद्याचा मोठा भाऊ समजा.

गोरेगावची_गौरी | २५ नोव्हेंबर, सकाळी ११:२६

टोचत असेल तर खाली जुनी कॉटनची साडी लावून घ्या, आतून चादर, बाहेरून ब्लँकेट. धुवायलाही साडीच काढायची, ब्लँकेट नाही.

दादरची_दुर्गा | २५ नोव्हेंबर, दुपारी ३:००

गाडी कोणती? स्लीपर असेल तर टोपी, शाल, मोजे हे हातातल्या पिशवीत ठेवा, बर्थखालच्या बॅगेत तळाशी नको. माझ्या भावाने सगळं नीट घडी करून मोठ्या बॅगेत भरलं, बॅगेला साखळी लावली, साखळीची किल्ली खिशात, आणि रतलामच्या पुढे रात्रभर खिडकीच्या फटीला तोंड पुसायचा नॅपकिन कोंबून बसला कारण बाकीचे झोपलेले, दिवा लावायचा कसा. गोधडीच्या वजनाचं टेन्शन घेऊ नका, स्लीपरला चाळीस किलो चालतं, विमानासारखं पंधरा नाही.

सुलू_काळाचौकी | २ डिसेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार, हिशोब देते कारण तुम्ही इतकं लिहिलंत. इनर दोन जोड अकराशे. लोकरीचे मोजे चार जोड तीनशे. हातमोजे आणि मफलर मिळून साडेतीनशे, टोपी घेतली नाही, सासऱ्यांची माकडटोपी लेकीने स्वतःहून मागून घेतली, म्हणाली खोलीत कोण बघतंय. गरम पाण्याची पिशवी तीनशे. झाले दोन हजार पन्नास. बंद स्लिपर घरात होती, नणंदेची, एकदाही न घातलेली. मास्क सिस्टरांच्या सांगण्यावरून घेतले, ते घरखर्चात टाकले, हिशोबात धरू नका, यजमान वाचतात इथे.

पश्चिम एक्स्प्रेस आहे, स्लीपर. उरलेले जवळपास चार हजार तिच्या खात्यात टाकलेत, रजई आणि जॅकेट तिकडे. गोधडी एक बांधलीये, दुसरी माझ्याकडेच ठेवली, आईची आहे, दोन्ही पाठवायचं जिवावर आलं.

जुना_परळकर | २ डिसेंबर, रात्री ९:५०

उत्तम. कोरडा बनियन विसरू नका.

सुलू_काळाचौकी | १४ जानेवारी, रात्री १०:४०

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. बऱ्याच जणांनी निरोप टाकून विचारलं म्हणून लिहिते. रजई तेराशेला भरून घेतली, कापूस समोर तोलून. जॅकेट मोनॅस्ट्री मार्केटमध्ये नऊशेला मिळालं, रंग तिला मुळीच आवडलेला नाही आणि ते ती रोज फोनवर ऐकवते. सतराशे पन्नास शिल्लक होते, त्यातले काही शेंगदाणे आणि गजकमध्ये गेलेत असा माझा संशय आहे. मागच्या आठवड्यात दोन दिवस धुकं इतकं होतं की समोरच्या बिल्डिंगचा दिवा दिसत नव्हता, क्लासला जाताना मोबाइलचा टॉर्च लावून गेल्या पोरी. ओठ फुटलेत, बाकी ठणठणीत आहे. काकांचा बनियन क्लासच्या बॅगेत असतो.

आता नवीन काम आलंय. तिची रूममेट पाटण्याची आहे, थंडी तिला नवीन नाही, पण तिने एक रात्र गोधडी खाली घालून बघितली आणि आता परतच देत नाहीये, दोघींमध्ये पाळ्या लावल्यात, सोम-बुध-शुक्र हिची आणि बाकीचे दिवस तिची. रविवारवरून भांडण. तिला एक शिवून हवीये, पैसे देते म्हणते. माझ्याकडे जुन्या सुती साड्या निघतील सात-आठ, पण टाके घालायला माझे डोळे नाहीत आता. लालबाग, परळ, शिवडी भागात कोणी हाताने गोधडी शिवून देणारं आहे का? मशीनची नको.

सिस्टर_शिवडी | १५ जानेवारी, पहाटे ६:०५

माझ्या सासूबाई शिवतात. पंधरा दिवस लागतील, आणि साड्या धुऊन, खळ काढून द्या, नाहीतर सुई जात नाही त्यांची. निरोप टाकते.